दोघंच? कशासाठी?

नात्यातलं एक जोडपं इंग्लंडमधल्या यॉर्कला जाऊन आलं. त्यांनी फोटो दाखवले. जुन्या शहराभोवती दगडी तट आणि त्यावरून हातात हात घालून फिरणारी वयस्क जोडपी! मी ह्यांना म्हटलं, ‘‘अहो, तट तर नगरच्या किल्ल्यालाही आहे. आपण कधी पाहिलाय?’’

मैत्रिणींनो, आमचं हिवरे बाजार बघायला लांबून माणसं येतात. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि त्यानंतर हे दुष्काळी गाव कसं पाणीदार झालं, ते पाहायला. बचत गटाचं काम करते म्हणून पाहुण्या बायकांना पाण्याचा ताळेबंद समजावून सांगायला मी पुढे! पण नगरला (२०२४ पासून अहिल्यानगर, तोंडात मात्र नगरच) जायचं ते दवाखान्यासाठी, नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायला. नवरा-बायकोनं जोडीनं जायचं ते देवाला, तेही बरोबर दहा माणसं घेऊन. ‘‘दोघंच? कशासाठी?’’ सासूबाईंनी विचारलं. ‘‘बघायला,’’ मी म्हटलं. त्यांना काही ते पटलं नाही.

सकाळची धार काढून मोटरसायकलवर निघालो. संध्याकाळच्या धारेला परत यायचं होतं.

भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवावं. मोठा खंदक, भक्कम बुरूज. १५९५-९६ मध्ये मुघलांनी वेढा घातला तेव्हा चांदबिबीनं हा किल्ला लढवला. सुरुंगानं पडलेलं खिंडार तिनं रातोरात बुजवून घेतलं म्हणतात. शाळेत आपण एवढंच शिकलो. पण १६०० साली, ही शत्रूला फितूर झाली असा संशय घेऊन आपल्याच माणसांनी तिला मारलं, हे मला आत्ता कळलं. बाईनं वाटाघाटी केल्या की ती फितूरच, नाही का!

१९४२ च्या आंदोलनात नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांना इथेच ठेवलं होतं. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे १९४४ मध्ये लिहिलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्याला आजारी होत्या. आझादांनी सरकारकडे सुटकेसाठी विनंती केली नाही. एप्रिल १९४३ मध्ये त्या गेल्या, ती बातमी त्यांना या भिंतींच्या आतच मिळाली. मी हे सांगितलं तर हे काही बोललेच नाहीत. पुढे चालताना मात्र माझी पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच!

दुपारी मिसळ खाऊन पाथर्डी रस्त्यानं शाह डोंगरावर गेलो. वरच्या अष्टकोनी, तीन मजली इमारतीला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. खरं तर ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर. चांदबिबीच्या नावावर निदान एवढं तरी लोकांनी ठेवलं! वरून सगळं नगर दिसतं. वारा असा, की डोक्यावरचा पदर राहीना. ‘‘राहू दे,’’ हे म्हणाले. गावातल्या गोष्टी सोडून आम्ही तिथे तासभर बोललो. काय, ते नाही सांगणार.

घरी पोचलो तर सासूबाईंनी धार काढून ठेवली होती. ‘‘कसं आहे गं वर?’’ त्यांनी हळूच विचारलं.

परवा गटाच्या बैठकीत तिघींनी खर्च विचारला. पेट्रोल, दोन मिसळ, चार चहा. हिशेब लिहून दिलाय.