किल्वार्डन घराण्याची हकीकत
आयर्लंडचा न्यायाधीश आर्थर वुल्फ हा किल्डेर परगण्यांतील घराण्याचा. किल्वार्डन हा किताब घरांत प्रथम आला तो १७९५ त त्याच्या पत्नीच्या नांवें, हें वंशावळ जुळवितांना विसरूं नये. तो स्वतः सरन्यायाधीश व बॅरन झाला १७९८ त, व्हायकाउंट १८०० त. लष्करी न्यायसभेनें फांशी फर्माविलेल्या वुल्फ टोन यास आपल्या कोर्टापुढें आणण्याचा हुकूम १७९८ च्या नोव्हेंबरांत यानेंच सोडला. टोनचें नांव याच कुळांतील थिओबाल्ड वुल्फवरून ठेविलेलें. परंतु आमच्या मतें हुकुमाचें कारण नात्यापेक्षां कायद्यांतच शोधावें. २३ जुलै १८०३ रोजीं एमेटच्या उठावांत डब्लिनच्या टॉमस स्ट्रीटवर जमावानें त्यास व पुतण्यास गाडींतून ओढून भाल्यांनीं मारिलें. कन्या तेवढी बचावली. पुत्र जॉन १८३० त वारला आणि किताब बुडाला.