तोंडावरच्या खोल गाठी : दुखणे वरचे नव्हे, आतले



पोरगा किंवा पोरगी पंधरा-सोळा वर्षांची झाली की तोंडावर मुरूम येतात. "वयाचं आहे, जाईल आपोआप," असे आपण म्हणतो आणि बहुतेकांचे जातेही. पण काहींच्या गालावर, हनुवटीवर, पाठीवर वाटाण्याएवढ्या टणक गाठी उठतात. त्यांना तोंड नसते, हात लागला तरी ठणकतात, आठवडेच्या आठवडे बसत नाहीत आणि जाताना खड्डा ठेवून जातात. हे साधे मुरूम नव्हेत.

हे होते कसे? कातडीत केसाच्या मुळाशी तेलाची बारीक ग्रंथी असते. वयात येताना शरीरातील संप्रेरके वाढतात आणि ग्रंथी जादा तेल सोडते. त्याच वेळी मेलेल्या पेशी चिकटून छिद्राला बूच बसते. पाट तुंबला आणि मोटार चालूच राहिली तर काय होते, हे आपणांस सांगायला नको. पाट कुठेतरी फुटतोच. इथेही तेल, पेशी व जंतू यांनी भरलेली पिशवी फुटते, पण बाहेर नव्हे, कातडीच्या आत. शरीर त्यावर तुटून पडते, सूज येते व गाठ बनते. म्हणून ती दाबू नये. दाबल्याने आतला माल आणखी खोल जातो आणि व्रण कायमचा राहतो.

हे घाणीमुळे होत नाही, "रक्त खराब" झाल्यानेही नाही. तोंड घासून धुतल्याने आग तेवढी वाढते. आई-बापांना असा त्रास झाला असेल तर मुलांना होण्याचा संभव अधिक. यात पोराचा दोष काही नाही.

साखर कारखान्याच्या पत्रिकेत लिहितो म्हणून एक गोष्ट लपवणार नाही. फार गोड व मैद्याचे पदार्थ सतत खाल्ल्याने काहींचा त्रास वाढतो, असे अभ्यासांत दिसले आहे. मात्र गोड बंद केले म्हणजे गाठी जातील, असेही नाही.

चुना, टूथपेस्ट लावू नये. दुकानातून मागून आणलेली, गोरे करणारी स्टेरॉइडची ट्यूब तर मुळीच नको. तिने आठ दिवस बरे वाटते, मग मुरूम दुपटीने उठतात व कातडी पातळ होते.

खोल गाठींना नुसते मलम बहुधा पुरत नाही. त्वचारोगतज्ज्ञ पोटातून गोळ्या देतात. आयसोट्रेटिनॉइन ही त्यांतली सर्वांत प्रभावी. ती काही महिने घ्यावी लागते, मधून रक्त तपासावे लागते. गरोदरपणात ती घेतल्यास बाळात गंभीर व्यंग येऊ शकते. म्हणून गोळी चालू असताना व बंद केल्यावर किमान एक महिना गर्भ राहता कामा नये. लग्न ठरलेल्या मुलीने हे डॉक्टरांना आधीच सांगावे. मुलीची पाळी अनियमित असेल, तोंडावर केस येत असतील, तर तेही सांगावे. कोणत्याही औषधाचा गुण दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. मध्येच सोडू नये.

आणि एक. पोर आरशापुढे जात नाही, कॉलेज टाळते, गप्प राहते, असे दिसले तर हसण्यावारी नेऊ नका. उसावर कीड दिसली तर आपण दुसऱ्या हंगामाची वाट पाहत नाही. इथेही पाहू नये. खड्डा पडल्यावर तो भरून काढणे अवघड. पडू न देणे मात्र आपल्या हाती आहे.