द्रावणाची आडवी भूक

नेरळ–माथेरान लोहमार्ग 1907 साली वाहतुकीस खुला झाला. त्याच्या दोन रुळांमधील अंतर अवघे 610 मिलिमीटर आहे, आणि ज्या छांदिष्टास ती गाडी 87 पटीने लहान करून आपल्या टेबलावर चालवावयाची असेल, त्याला ते 7 मिलिमीटरांवर आणावे लागते. रूळ कसेबसे जमतात. खरी पंचाईत होते ती स्थानकाच्या जिन्याला कठडा बसविण्याची वेळ येते तेव्हा, कारण मूळचा 25 मिलिमीटर जाडीचा गज या प्रमाणात 0.29 मिलिमीटरचा उरतो, आणि इतक्या कृश अवयवापुढे करवत, कानस व कात्री ही तिन्ही हत्यारे निकामी ठरतात. धातूला हात न लावता तो कापावयाचा, तर काम रसायनाकडेच सोपवावे लागते.

हे रसायन म्हणजे फेरिक क्लोराइड. रेडिओदुरुस्तीचे कसब शिकणाऱ्यांना तो परिचित जिन्नस आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तांबे चढविलेल्या सर्किट बोर्डांबरोबर तो सहज मिळतो. त्याच्या द्रावणात तांबे किंवा पितळ बुडविले की धातूचा थर विरघळून जातो. परंतु कोणता भाग न्यावा आणि कोणता ठेवावा याचा विवेक द्रावणाला नसल्यामुळे राखावयाच्या भागाचा बंदोबस्त आपणासच आधी करावा लागतो. त्यासाठी 0.2 मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा निर्मळ घासून त्याच्या दोन्ही अंगांस प्रकाशसंवेदी फिल्म गरम लॅमिनेटरमधून चिकटवितात, पारदर्शक कागदावर छापलेले चित्र शाईची बाजू आत ठेवून तीवर दाबतात, आणि अतिनील दिव्याखाली ती धरतात. जेथे प्रकाश पोचतो तेथे फिल्म कठीण होते. शाईने झाकलेली फिल्म कोवळीच राहते, व लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून केलेल्या द्रावणात धुपून निघते. मग उघडा पडतो तो फक्त नष्ट व्हावयाचा धातू.

येथवरचे सारे काम निगुतीचे आहे, परंतु अवघड नाही. अवघड आहे ती द्रावणाची आडवी भूक. ते जितके खाली उतरते, साधारणतः त्याच्या निम्म्याइतके फिल्मच्या काठाखालून बाजूलाही सरकते. दोन्ही अंगांनी खाऊ दिल्यास 0.2 मिलिमीटरच्या पत्र्यात प्रत्येक अंगाने 0.1 मिलिमीटर उतरावे लागते. म्हणजे गजाच्या प्रत्येक कडेचे सुमारे 0.05 मिलिमीटर गमवावे लागतात, आणि 0.29 चा गज हवा असेल तर कागदावर तो 0.39 चा काढावा लागतो. हा हिशेब ज्याने चुकविला त्याचा कठडा द्रावणातून तारांच्या गुंत्यासारखा बाहेर येतो, आणि मग दोष बिचाऱ्या रसायनाच्या माथी मारला जातो!

जुन्या छापखान्यांना चित्रांचे जस्ती ब्लॉक पुरविणारे कारागीर याच संकटाशी झुंजत असत. नायट्रिक आम्लात पत्रा थोडा खाल्ला गेला की ते तो बाहेर काढीत, वेताच्या एका जातीपासून निघणाऱ्या तांबड्या राळेची पूड ब्रशाने चारही दिशांनी रेषांच्या बगलेला लावीत, आच देऊन ती वितळवीत आणि मग पुन्हा आम्लात सोडीत. आपणास एवढा खटाटोप नको. पत्रा पातळ असल्याने चित्रातच भरपाई करून भागते. तसेच जेथे पत्रा दुमडावयाचा तेथे एकाच अंगाने रेघ उघडी ठेवली की ती अर्ध्या खोलीपर्यंतच खाल्ली जाते, आणि सुबक घडी पडते. सुटे भाग द्रावणात वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांना चौकटीशी बारीक दुव्यांनी बांधून ठेवण्याची तरतूदही चित्रातच हवी.

राहिली टाकी. तिच्याविषयीच लोक सर्वांत अधिक विचारतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत गौण. प्लॅस्टिकचे अरुंद, उभे भांडे, तळाशी मत्स्यपात्राच्या हवापंपाची नळी, बाहेरून गरम पाण्याची बादली. एवढ्यावर काम चालते. मात्र पोलाद व ॲल्युमिनियम जवळ नसावे. ॲल्युमिनियमवर तर हे द्रावण प्रचंड उष्णतेनिशी तुटून पडते. निर्जल पूड पाण्यात थोडी थोडी टाकावी. पुडीवर पाणी ओतू नये. चष्मा व हातमोजे यांत कुचराई नको, आणि स्वयंपाकघर या कामास सर्वस्वी वर्ज्य.

थकलेल्या द्रावणात तांबे असते, ते जलचरांना घातक, म्हणून मोरीत त्याला थारा नाही. ते प्लॅस्टिकच्या भांड्यात घेऊन त्यात सोडा सावकाश मिसळावा. फेस मावळला की गाळ खाली बसतो. तो वाळवून बरणीत बंद करावा आणि चिठ्ठी लावून वेगळा ठेवावा. घरगुती घातक कचरा वेगळा गोळा करण्याची तरतूद 2016 च्या घनकचरा नियमांत करण्यात आली. आपल्या पालिकेचे संकलन केंद्र कोठे आहे याची चौकशी पत्रा विकत घेण्यापूर्वीच करावी.