पंधरा वर्षांची नक्कल

१५ फेब्रुवारी १९४४. इटलीतल्या माँटे कॅसिनोच्या टेकडीवरचा संत बेनेडिक्टचा प्राचीन मठ अमेरिकी बॉम्बफेकीत जमीनदोस्त झाला. त्या हल्ल्यांत सामील असलेल्या विमानांपैकी एकात वॉल्टर मिलर हा तरुण सैनिक होता. युद्धानंतर तो कॅथलिक झाला आणि पुढे त्याने 'अ कँटिकल फॉर लिबोविट्झ' ही विज्ञान कादंबरी लिहिली. १९६१चा ह्यूगो पुरस्कार तिला मिळाला.

कादंबरीत अणुयुद्धानंतर काही शतकांनी वाळवंटातल्या मठात जुन्या विज्ञानाचे उरलेसुरले कागद जपले जातायत. ब्रदर फ्रान्सिसला एका विद्युत मंडलाचा आराखडा सापडतो. त्याला त्यातलं काही कळत नाही, तरी तो पंधरा वर्षं खपून त्याची सोनेरी वेलबुट्टीची नक्कल काढतो. दोन्ही घेऊन तो प्रवासाला निघतो, तेव्हा वाटेत लुटारू ती नक्कलच अस्सल समजून पळवतात, म्हणून मूळ कागद वाचतो! हे प्रकरण मी कितीदा वाचलं असेल. न कळणारी गोष्टही पुढच्या पिढीसाठी जपायची, ही श्रद्धा मला फार जवळची वाटते.

शेवटी दुसरं अणुयुद्ध पेटतं. मठवासी मुलांना आणि ते कागद घेऊन यानातून ताऱ्यांकडे निघतात. मराठी विज्ञानकथेच्या वाचकांनी ही कादंबरी जरूर वाचावी.