शाळेच्या निकालाचा छेद

महाराष्ट्रातील अनुदानित, महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळेची वार्षिक कामगिरी गावापुढे येते ती मुख्यतः दोन वाटांनी: दहावीच्या निकालाची टक्केवारी, जी निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावरील फ्लेक्सवर झळकते, आणि गुणवंतांची यादी, जी स्नेहसंमेलनात मुख्याध्यापक वार्षिक अहवालातून वाचून दाखवतात. यातील आकडे सहसा खोटे नसतात. परंतु टक्केवारी हा मुळात अपूर्णांक असतो आणि अपूर्णांकाचे मूल्य अंशाइतकेच छेदावर अवलंबून असते, ही पाचवी-सहावीत शिकवली जाणारी गोष्ट शाळेचे मोजमाप करताना मात्र पालक, पत्रकार आणि पुष्कळदा शिक्षण खातेही बाजूला ठेवते.

राज्य मंडळाच्या निकालाचेच उदाहरण घेता येईल. फेब्रुवारी-मार्च २०२५ च्या माध्यमिक शालान्त परीक्षेसाठी १५,५८,०२० नियमित विद्यार्थ्यांनी नोंदणी केली, १५,४६,५७९ प्रत्यक्ष परीक्षेला बसले आणि १४,५५,४३३ उत्तीर्ण झाले. जाहीर झालेला ९४.१० टक्के हा निकाल परीक्षेला बसलेल्यांच्या प्रमाणात काढलेला आहे. नोंदणी हा छेद धरला तर तोच निकाल सुमारे ९३.४ टक्के भरतो. फरक किरकोळ वाटतो, पण त्यामागे नोंदणी करूनही परीक्षागृहापर्यंत न पोहोचलेली अकरा हजारांहून अधिक मुले आहेत. शिवाय हा आकडा केवळ ‘नियमित’ विद्यार्थ्यांचा असतो. पूर्वी नापास होऊन पुन्हा बसलेले पुनर्परीक्षार्थी आणि शाळेत न जाता सतरा नंबरचा अर्ज भरून बसलेले खासगी विद्यार्थी यांची गणना मंडळ वेगळी करते, आणि पुनर्परीक्षार्थींचे उत्तीर्णतेचे प्रमाण नियमितांच्या तुलनेत फारच खाली असते.

राज्याच्या पातळीवर छेदातील हा फरक अर्धा-पाऊण टक्क्याचा असला, तरी एका शाळेच्या पातळीवर तो निकालाचे चित्रच पालटू शकतो, कारण शाळेच्या हाती छेद घडवण्याची साधने असतात. त्यांतील सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे नववीची वार्षिक परीक्षा. आठवीपर्यंत विद्यार्थ्यांना पुढच्या वर्गात पाठवण्यावर शिक्षण हक्क कायद्याचे कमी-अधिक नियंत्रण असते आणि दहावीची परीक्षा मंडळाची असते. मधली नववी मात्र पूर्णपणे शाळेच्या अखत्यारीत राहते. कच्च्या मुलाला नववीत बसवून ठेवणे, ‘दुसरी शाळा बघा’ असे पालकांना सुचवून दाखला देणे किंवा सतरा नंबरचा अर्ज भरण्याचा सल्ला देणे, हे मार्ग शिक्षकांच्या खोलीत सर्वांना ठाऊक असतात. समजा, एका शाळेच्या आठवीत १२० मुले दाखल झाली, त्यांतील ९० दहावीपर्यंत पोहोचली आणि सर्व ९० उत्तीर्ण झाली, तर तिचा निकाल शंभर टक्के लागतो. शेजारच्या शाळेत तेवढीच मुले आठवीत आली, ११४ दहावीला बसली आणि १०२ उत्तीर्ण झाली, तर तिचा निकाल साडेएकोणनव्वद टक्क्यांच्या आसपास राहतो आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना संस्थेच्या बैठकीत खुलासा द्यावा लागतो. आठवीत आलेल्या मुलांचा हिशेब धरला तर पहिल्या शाळेने शंभरातील ७५ मुलांना दहावी पार करवली आणि दुसरीने ८५ मुलांना.

या वर्तनाला केवळ शाळेची लबाडी म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यामागे नोकरीचा प्रश्न आहे. अनुदानित शाळेत शासनाच्या पगारावर किती शिक्षक राहतील हे संचमान्यतेने ठरते. संचमान्यता म्हणजे विद्यार्थ्यांच्या पटसंख्येनुसार शिक्षकांची पदे मंजूर करण्याची वार्षिक प्रक्रिया. पट घसरला की पद जाते आणि शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून दुसऱ्या शाळेत समायोजनाची वाट पाहतो. म्हणूनच उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षक वाड्या-वस्त्यांवर घरोघर जाऊन प्रवेशासाठी पालकांना गळ घालतात, आणि त्या वेळी पालकांपुढे ठेवण्याजोगे भांडवल एकच असते, ते म्हणजे गेल्या वर्षीचा निकाल. मूल आठवीत पटासाठी हवे असते आणि दहावीत निकालासाठी नको असते, हा विरोधाभास शासनाच्याच दोन मोजमापांमधून निर्माण झालेला आहे.

छेदाकडून अंशाकडे वळले तरी गुंता सुटत नाही, कारण ‘उत्तीर्ण’ या शब्दाचा आशय गेल्या दोन दशकांत वारंवार बदलला आहे. आजच्या योजनेत बहुतेक विषयांत ८० गुण मंडळाच्या लेखी परीक्षेला आणि २० गुण तोंडी किंवा अंतर्गत मूल्यमापनाला असतात, आणि हे २० गुण विद्यार्थ्याची स्वतःची शाळाच देते. २०१० पासून सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढण्याची पद्धत, जिला सर्वत्र ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणतात, लागू आहे. त्यावर कला आणि क्रीडा यांचे सवलतीचे गुण मिळतात. खेळाडूला स्पर्धेच्या पातळीनुसार कमाल २५, तर शासकीय रेखाकला परीक्षेतील इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार तीन, पाच किंवा सात. ही सवलत गैर नाही, उलट मैदानावर आणि चित्रकलेच्या वर्गात घालवलेल्या वेळेची ती दखल आहे. परंतु २०२५ मध्ये ज्या २११ विद्यार्थ्यांना शंभरपैकी शंभर टक्के मिळाले, आणि ज्यांत निम्म्याहून अधिक एकट्या लातूर विभागातले होते, त्यांच्या टक्केवारीकडे पाहताना तिच्या घडणीत या तिन्ही गोष्टी असतात हे लक्षात ठेवावे लागते.

नियम बदलला की निकाल किती हलतो, याचा जणू प्रयोगच २०१९ मध्ये झाला. त्या वर्षी दहावीचा अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले होते. राज्याचा निकाल २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांवरून एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. राज्य मंडळाची मुले अकरावीच्या प्रवेशात केंद्रीय मंडळांच्या मुलांपुढे मागे पडतील अशी ओरड झाली, अंतर्गत गुण परत आणले गेले, आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. टाळेबंदीमुळे त्या वर्षी भूगोलाचा पेपरच झाला नाही आणि त्याचे गुण सरासरीने दिले गेले, हेही त्या आकड्यात मिसळलेले आहे. पुढच्या वर्षी तर परीक्षाच रद्द झाली; नववीच्या निकालाचे ५०, दहावीतील वर्षभराच्या मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० अशी गुणविभागणी शाळांनीच करायची होती, आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. तीन वर्षांत बारा टक्क्यांनी खाली आणि जवळपास तेवीस टक्क्यांनी वर गेलेला हा आलेख शिकवण्याच्या दर्जाविषयी फारच थोडे सांगतो. तरीही ‘आमच्या शाळेचा निकाल गेल्या वर्षीपेक्षा इतक्या टक्क्यांनी वाढला’ हे वाक्य प्रत्येक वार्षिक अहवालात असते, आणि त्या वर्षी राज्याचा निकाल किती वाढला हे शेजारी छापलेले नसते.

निकाल इतका वर सरकल्यावर त्यातील भेद दाखवण्याची क्षमताही कमी होते. २०२५ च्या उत्तीर्णांपैकी ४,८८,७४५ विद्यार्थी विशेष प्रावीण्यात, म्हणजे ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवून, उत्तीर्ण झाले. हे प्रमाण एकतृतीयांशाहून थोडे जास्तच भरते. आणखी ४,९७,२७७ जणांना प्रथम श्रेणी मिळाली. शंभर टक्के निकालाच्या शाळा त्या वर्षी राज्यात सुमारे आठ हजार होत्या, म्हणजे साधारण तीन शाळांमागे एक. त्यांत अनेक शाळा अगदी लहान असतात. बारा मुलांच्या शाळेत एक मूल गणितात अडकले की निकाल शंभरावरून ९१.७ वर येतो, तर तीनशे मुलांच्या शाळेत एका मुलाने एक टक्काही हलत नाही. शून्य टक्के निकालाच्या ज्या मोजक्या शाळांची नावे दरवर्षी बातमीत येतात, त्यांच्याविषयीही आधी विचारायला हवे ते हेच, की तिथे बसले होते किती जण. विभाग आणि लिंग यांचाही परिणाम असतो: त्याच वर्षी कोकण विभागाचा निकाल ९८.८२ टक्के होता आणि नागपूरचा ९०.७८, मुलींचा ९६.१४ आणि मुलांचा ९२.३१. रत्नागिरी जिल्ह्यातील कन्याशाळेच्या ९८ टक्क्यांना आणि विदर्भातील मुलांच्या शाळेच्या ९३ टक्क्यांना एकाच मापाने मोजणे म्हणूनच चूक आहे.

गुणवंतांच्या यादीत तर छेद कधीच नसतो. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती परीक्षा, शासकीय शिष्यवृत्ती परीक्षा, मुंबईतील विज्ञान अध्यापकांच्या संघटनेची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, केंद्राचा इन्स्पायर पुरस्कार, तालुक्यापासून राज्यापर्यंतच्या शालेय क्रीडा स्पर्धा आणि वाढत्या संख्येने शुल्क घेऊन घेतल्या जाणाऱ्या खासगी ऑलिंपियाड, असे सारे एकाच ओळीत येते. यांतील पहिली परीक्षा सरकारी शाळेच्या कामगिरीची सर्वांत प्रामाणिक खूण मानायला हवी, असे म्हणण्यास जागा आहे. ही योजना २००८ पासून चालते. आठवीतील मुलांसाठी असलेली ही परीक्षा केवळ शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या विद्यार्थ्यांनाच देता येते. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय अशा दोन प्रश्नपत्रिका असतात, आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ शिष्यवृत्त्या येतात. शिकवणीचे शुल्क भरू शकणारी मुले इथे आपोआप स्पर्धेबाहेर असल्यामुळे, पाच मुले निवडली गेली याचे बरेचसे श्रेय ज्यांनी शाळा सुटल्यावर जादा तास घेतले त्या शिक्षकांना जाते. अशी शाळा ‘पाच निवडले गेले’ इतकेच लिहिते. आठवीत पात्र मुले किती होती आणि त्यांतील किती जणांना परीक्षेला बसवले हे लिहिले असते, तर ते यश अधिक उठून दिसले असते.

छेदाचा हा प्रश्न इतरत्र काही प्रमाणात सोडवलेला आहे. अमेरिकेत सार्वजनिक शाळेतील शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्यांची टक्केवारी नववीत प्रवेश घेतलेल्या तुकडीवर काढतात: चार वर्षांपूर्वी नववीत आलेली मुले हा छेद, त्यात मधल्या काळात दाखल झालेली मिळवायची, कागदोपत्री पुराव्यासह दुसऱ्या शाळेत गेलेली वजा करायची, आणि जी नुसतीच गळाली ती मात्र छेदातच ठेवायची. इंग्लंडने २०१६ पासून आणखी पुढे जाऊन ‘प्रोग्रेस एट’ हे माप आणले, ज्यात अकराव्या वर्षीच्या परीक्षेत सारखेच गुण असलेल्या देशभरातील मुलांच्या तुलनेत एखाद्या शाळेतील मुलांनी सोळाव्या वर्षी आठ विषयांत किती मजल मारली हे पाहतात. अर्थात ही मापेही निर्दोष नाहीत. प्रोग्रेस एटला प्रवेशाच्या वेळचे गुण लागतात, आणि करोनाकाळात त्या परीक्षाच न झाल्यामुळे त्या मुलांच्या तुकड्यांसाठी हे माप काढताच आले नाही.

महाराष्ट्रात तुकडीवर आधारित हिशेबासाठी लागणारी सामग्री नव्याने गोळा करण्याची गरज नाही. २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत आणि आता ‘यू-डायस प्लस’मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र ओळखक्रमांकासह नोंद असते, त्यामुळे दाखला घेऊन गेलेले मूल दुसऱ्या शाळेत पोहोचले की नाही हे कळू शकते. त्याआधीपासून प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर आहेच, ज्यात दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण हाताने लिहिलेले असते. आठवीपर्यंत शासनाच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात, म्हणजे माध्यमिक शाळेत येताना मूल कुठे होते याचाही ढोबळ अंदाज उपलब्ध आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘शाळासिद्धी’सारख्या स्वयंमूल्यमापनाच्या चौकटींत इमारत, नेतृत्व, लोकसहभाग यांसाठी भरपूर रकाने आहेत, आठवीतल्या शंभरांपैकी किती जण दहावी झाले, हा एक आकडा मात्र पालकांपुढे ठेवण्याची सक्ती कुठेच नाही. जून-जुलैमध्ये होणाऱ्या पुरवणी परीक्षेचेही तसेच आहे. मार्चमध्ये अडखळलेल्या मुलाला त्याच वर्षी पार करवणाऱ्या शाळेचे ते यश फ्लेक्सवरच्या निकालात कुठेच मिळवले जात नाही, कारण तोवर फ्लेक्स उतरलेला असतो.

तुकडीवर आधारित या मापालाही एक खरा आक्षेप आहे आणि तो मराठवाड्यातून येतो. बीडसारख्या जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करतात आणि गाळप संपल्यावर परततात. दहावीची परीक्षा मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन हंगामाच्या शेवटी असते. हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहिलेले मूल परीक्षेला बसते. आई-वडिलांबरोबर कोयत्यावर गेलेले बहुधा बसत नाही. तुकडीचा हिशेब सरसकट लावला तर अशा मुलांना प्रवेश देणारी शाळाच सर्वांत वाईट दिसेल आणि प्रवेश टाळणारी सर्वांत चांगली, म्हणजे जो दोष नववीच्या गाळणीत आहे तोच आठवीच्या प्रवेशात शिरेल. त्यामुळे स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा आकडा वेगळ्या ओळीत मांडावा लागेल, आणि त्या ओळीत शाळेच्या कामगिरीबरोबर हंगामी वसतिगृह त्या वर्षी कोणत्या महिन्यात सुरू झाले हेही लिहावे लागेल.