वाळवंट, नदी आणि पिरॅमिड

पिरॅमिडचे चित्र आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. चोहोंकडे वाळू, मधोमध तीन त्रिकोणी शिखरे आणि पायथ्याशी एखादा उंट. हे चित्र पाहून विचारी माणसाच्या मनात शंका येतेच, की पाण्याचा थेंब नसलेल्या या ओसाडीत लाखो दगड आले कसे, आणि ते रचणारी माणसे जगली कशावर? याचे उत्तर हवे असेल तर आपणांस प्रथम भूगोलाकडे वळावे लागेल. त्यातही एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेऊ. ते चित्र फसवे आहे. चित्र घेणाऱ्याने नुसती पाठ फिरवली असती, तर त्याला गीझा शहराची घरे दिसली असती. हे पिरॅमिड वाळवंटाच्या पोटात नाहीत. ते त्याच्या अगदी काठावर, नाईल नदीच्या खोऱ्याला लागून उभे आहेत.

सहारा हे उष्ण वाळवंटांत जगातील सर्वांत मोठे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपला भारत त्यात जवळजवळ पावणेतीन वेळा मावेल. सहारा म्हणजे नुसती वाळू, ही आपली समजूत मात्र सोडून दिली पाहिजे. वाळूने व्यापलेला भाग जेमतेम चौथाई; बाकी सारी उघडी खडकाळ पठारे, गोट्यांची मैदाने, आणि तिबेस्तीसारखे ३,००० मीटरांहून उंच डोंगर.

शिवाय सहारा नेहमीच असा नव्हता. सुमारे ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी तेथे गवताळ राने होती, सरोवरे होती. अल्जीरियातील तासिली पठारावरच्या खडकांवर त्या काळच्या माणसांनी गुरांचे कळप रंगवून ठेवले आहेत. आज तेथे एक गाय आठवडाभर जगणार नाही! हा फरक का पडला? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा, पण हजारो वर्षांत एकदा, सावकाश फिरतो. त्या काळी उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याला अधिक जवळ असे. जमीन अधिक तापे आणि आफ्रिकेचा मोसमी पाऊस आजच्यापेक्षा कितीतरी उत्तरेपर्यंत पोहोचे. पुढे तो हळूहळू मागे हटला. मृग कोरडा गेला तर काय होते, हे आपणांस सांगायला नको; तेथे तो कायमचाच कोरडा गेला. माणसे आपली गुरे घेऊन जेथे पाणी उरले तेथे सरकली. त्यांतील पुष्कळशी नाईलच्या काठी आली असावीत, असे अभ्यासक मानतात. नाईलला सहाराच्या पावसाची गरज नव्हती; तिचा पूर येई तो दूर इथिओपियाच्या डोंगरांवर पडणाऱ्या पावसाचा.

या लोकांनी आपल्या देशाचे दोन भाग मानले होते: पुराच्या गाळाची 'केमेत' म्हणजे काळी भूमी, आणि 'देशरेत' म्हणजे तांबडी भूमी, वाळवंट. काळी भूमी पिकाची. ती थडग्यांत घालवणे परवडणारे नव्हते, आणि तेथे दरवर्षी पूर. म्हणून मृतांना तांबड्या भूमीत, साध्या खड्ड्यात पुरत. तापलेली वाळू शरीरातले पाणी शोषून घेई आणि प्रेत न कुजता वाळून जाई. गेबेलीन येथे सापडलेली अशी प्रेते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांना पाच हजारांहून अधिक वर्षे झाली, तरी केस आणि कातडी शाबूत आहे.

पुढे सधन लोक विटांनी बांधलेल्या खोलीत प्रेत ठेवू लागले. मान वाढला, पण वाळूचा स्पर्श तुटला आणि प्रेत कुजू लागले! जे वाळवंट फुकट करीत होते, तेच मग माणसाला खटपटीने करावे लागले. प्रेत सुकविण्यासाठी वापरीत तो नेट्रॉन नावाचा खारही वाळवंटातूनच येई. खोलीवर विटांचा ओटा आला. अरबीत ओट्याला किंवा बाकाला 'मस्तबा' म्हणतात, तेच नाव त्या थडग्याला पडले. इ. स. पू. २६५० च्या सुमारास जोसर राजासाठी सक्कारा येथे एकावर एक सहा दगडी टप्पे रचले गेले. हा पहिला पिरॅमिड. त्याचा कर्ता म्हणून इम्होतेपचे नाव सांगतात.

यानंतर शंभर वर्षांच्या आतबाहेर खुफूचा थोरला पिरॅमिड उभा राहिला. मूळ उंची सुमारे १४६ मीटर, दगड सुमारे २३ लाख. बहुतेक दगड तेथल्याच पठारातून काढलेला. वाळवंटाचा काठ निवडण्याचे हे मोठे कारण: पायाला भक्कम खडक आणि हाताशी खाण. पण बाहेरचा पांढरा चुनखडक नदीपलीकडच्या तुरा येथून येई आणि ग्रॅनाइट दूर दक्षिणेकडील अस्वानहून. हे ओझे उंटाचे नव्हे, नावेचे. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल्-जर्फ येथे पपायरसच्या कागदांवरील रोजनिशी सापडली. मेरेर नावाचा एक मुकादम सुमारे चाळीस माणसांची टोळी घेऊन तुराहून गीझाला दगड कसा पोहोचवी, याची ती नोंद आहे. राजांच्या स्तुतीचे लेख तर पुष्कळ आहेत. आम्हांला या मुकादमाची हजेरी-वही अधिक मोलाची वाटते. गुलामांच्या पाठीवर आसूड ओढून पिरॅमिड बांधले, ही कथाही आता टिकत नाही. गीझाजवळ मजुरांची वस्ती, त्यांच्या भट्ट्या आणि खाल्लेल्या गुरांची हाडे सापडली आहेत. पिरॅमिडच्या सावलीतच त्यांना मानाने पुरलेले आहे.

मग नावा थेट पठाराशी लागत कशा? आज नाईल तेथून काही किलोमीटर पूर्वेला आहे. २०२४ साली संशोधकांनी उपग्रहांच्या रडारने घेतलेली चित्रे आणि जमिनीत खोल छिद्रे पाडून काढलेला गाळ यांवरून नाईलचा एक बुजलेला फाटा दाखवून दिला. लांबी सुमारे ६४ किलोमीटर. गीझापासून लिश्तपर्यंतचे ३१ पिरॅमिड याच्या कडेने येतात, आणि त्यांपैकी कित्येकांचे दगडी उतरते मार्ग बरोबर त्याच्या जुन्या काठाशी येऊन थांबतात. तो फाटा आता शेतांखाली आणि वाळूखाली गेला आहे.