‘थोडक्यात हुकलं’चा सापळा

1867 मध्ये सार्वजनिक जुगार कायदा आला. तेव्हा पोलिसांना अड्डा शोधावा लागे. आता तो वसतिगृहातल्या खाटेवर, मोबाइलमध्ये असतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पण कायद्याने अ‍ॅप बंद होतं, सवय नाही.

ती लागते कशी? बक्षीस नेमकं कधी मिळेल हे कळत नसेल, तर प्राणी कळ दाबतच राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी दाखवून दिलं. अनपेक्षित लाभाने मेंदूत डोपामाइन अधिक उसळतं. त्यात हुकलेल्या डावाची भर. संशोधक ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांना 2009 मध्ये आढळलं, की अगदी थोडक्यात हुकलेला डाव जिंकण्याशी निगडित मेंदूच्या भागांनाच चाळवतो. शिवाय विशीच्या सुरुवातीला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग अजून पक्व होत असतो.

दुसरा सापळा ‘आता आपलीच पाळी’ या भ्रमाचा. 1913 मध्ये मोंटे कार्लोच्या जुगारघरात रूलेटच्या चाकावरचा चेंडू सलग 26 वेळा काळ्या रंगावर थांबला. आता लाल येणारच म्हणत अनेक जण बुडाले. चेंडूला आधीचे डाव आठवत नाहीत.

धोक्याच्या खुणा ओळखा: गेलेले पैसे वसूल करायला पुन्हा खेळणं, फीच्या पैशांना हात लावणं, उसनवारी, घरी खोटं बोलणं. यातलं काही दिसलं, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक फिरवा.